अहमहमिका : सगळेच एकदम 'आधी मी' म्हणतात तेव्हा

एसटी फलाटाला लागायच्या आतच खिडक्यांतून रुमाल पडायला लागतात. कुणाची टोपी, कुणाची पिशवी, कुणाचं पाण्याच्या बाटलीसकट दप्तर. एखादा कडेवरचं पोरच खिडकीतून आत सरकवतो आणि त्याला सांगतो, "बस तिथंच, हलू नको." दारात उतरणाऱ्यांना वाट नाही, कारण चढणारे सगळे त्याच दोन पायऱ्यांवर उभे आहेत. बसमध्ये जागा किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही. कदाचित सगळ्यांना पुरतीलही. पण प्रत्येकाच्या हालचालीत एकच वाक्य आहे, आधी मी.

ह्या दृश्याला मराठीत नेमका शब्द आहे, अहमहमिका. वर्तमानपत्रात तो आठवड्यातून चार वेळा तरी भेटतो. उमेदवारीसाठी इच्छुकांमध्ये अहमहमिका, पुलाचं श्रेय घेण्याची अहमहमिका, पाहुण्यांच्या शेजारी बसण्याची अहमहमिका. पण छापून येतो तेव्हा बऱ्याचदा तो चुकीच्या खुर्चीत बसलेला असतो. कधी त्याला गर्वाच्या जागी वापरतात, कधी भांडणाच्या, कधी नुसत्या स्पर्धेच्या. असंच चालू राहिलं तर ह्या शब्दाचा अर्थ पुसट होईल, आणि त्याची जागा घेईल असा दुसरा शब्द आपल्याकडे नाही. म्हणून तो कसा बनला, कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे जरा बारकाईनं बघू.

आधी बांधणी. अहम् म्हणजे मी. तोच शब्द पुन्हा एकदा, अहम् अहम्. शेवटी इका हा प्रत्यय लागून त्याचं स्त्रीलिंगी नाम झालं. म्हणजे शब्दशः 'मी-मी-पणा'. माणसं जे बोलतात त्याचाच शब्द करून टाकायचा, ही संस्कृतची जुनी खोड आहे. 'इति ह आस', म्हणजे 'असं असं झालं', ह्याचा इतिहास झाला. 'न अस्ति' म्हणणारा नास्तिक झाला. 'किं वदन्ति', लोक काय बोलतात, ह्यातून किंवदंती आली. मराठीनंही ही खोड उचलली आहे. 'होय बा' म्हणत मान डोलवणारा तो होयबा, आणि प्रत्येक गोष्टीला 'हाजी' म्हणणं म्हणजे हाजी हाजी करणं. अहमहमिका ह्याच कुळातली. तिच्यात माणसांचा आवाज साठवलेला आहे, आणि तो एकाचा नाही.

बांधणी कळली की लिहिण्यातल्या चुका आपोआप थांबतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'अहमिका'. एकसारखी अक्षरं लागोपाठ आली की जीभ एक जोडी गिळते आणि मग हातही तेच लिहितो. पण 'अहमिका'त मी एकदाच येतो, म्हणजे शब्दाचा प्राणच गेला. दुसरी चूक 'अहंमहमिका' किंवा 'अहंअहमिका'. अनुस्वार हा पुढच्या व्यंजनासाठी असतो. अहंकारात पुढे क आहे, अहंगंडात ग आहे, अहंभावात भ आहे, म्हणून तिथे अनुस्वार बरोबर. अहमहमिकेत पहिल्या अहम् नंतर अ हा स्वर येतो. म् आणि अ मिळून सरळ म होतो. पुढे दुसऱ्या अहम् चा म् आणि इका मधला इ मिळून मि. त्यामुळे ह्या शब्दात अनुस्वार कुठेच नाही. तिसरी चूक 'अहमहमीका'. पत्रिका, मालिका, पुस्तिका, नाटिका ह्या सगळ्यांत इ ऱ्हस्व आहे, कारण प्रत्यय तोच. अहमहमिकेचा मि देखील म्हणून ऱ्हस्व. सहा अक्षरं, अ ह म ह मि का. एकही जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही. दिसायला अवघड वाटतो तितका तो अवघड नाही.

उच्चार करताना मराठी जीभ मधला म अर्धा करते, अ-हम्-ह-मि-का. ते चालतं. फक्त 'अहम' म्हणून थांबून मग 'हमिका' म्हणू नये, कारण मग ऐकणाऱ्याला दोन शब्द ऐकू येतात आणि तो तसंच तोडून लिहितो. निवेदनात किंवा भाषणात हा शब्द येणार असेल तर आधी दोन-तीनदा सावकाश 'अहम्, अहमिका' असं सुटं म्हणावं आणि मग जोडावं. आतला दुसरा मी तोंडात बसला की पुन्हा गळत नाही.

आता अर्थ. ह्या बाबतीत अमरकोश ह्या जुन्या संस्कृत शब्दकोशाइतकी स्वच्छ व्याख्या मला दुसरीकडे दिसत नाही. दुसऱ्या कांडातल्या क्षत्रियवर्गात, अतिभयंकर युद्धभूमीला काय म्हणायचं हे सांगून झाल्यावर, कोशकार अमरसिंह तीन शब्द ओळीनं देतो. तिघांतही मीपणा आहे. पहिला अहंपूर्विका, जिथे प्रत्येकजण 'अहं पूर्वम्, अहं पूर्वम्', म्हणजे मी आधी, मी आधी म्हणतो. दुसरा आहोपुरुषिका, म्हणजे दर्पापोटी स्वतःबद्दल वाटणारी थोरवी, 'काय पुरुष आहे मी!' ह्या थाटाची. तिसरा आपला, 'अहमहमिका तु सा स्यात् परस्परं यो भवत्यहंकारः'. एकमेकांत जो अहंकार चालतो ती अहमहमिका.

सगळी गंमत 'परस्परं' ह्या शब्दात आहे. अहंकार एकट्याला पुरतो. आहोपुरुषिकेला तर आरसाही पुरतो. अहमहमिकेला मात्र समोर दुसरा लागतोच, आणि तोही 'मी' म्हणणारा. हे तीन शब्द युद्धाच्या पानावर का आले, हेही मग उमगतं. सैन्य तुटून पडतं तेव्हा पुढच्या रांगेत कोण, ह्यावरून जी चढ लागते ती सेनापतीला हवीच असते. म्हणजे मुळात ह्या शब्दाला दोषाचा वास नव्हता. तो वीरांच्या वर्णनाचा शब्द होता.

मराठीत ह्या तिघांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. आहोपुरुषिका कोशातच राहिली. अहंपूर्विका आज जवळजवळ कुणी लिहीत नाही. तिचा 'आधी मी' हा अर्थ मराठीनं अहमहमिकेच्याच पदरात टाकला. त्यामुळे मराठीतली अहमहमिका संस्कृतपेक्षा थोडी रुंद आहे. एकमेकांना मीपणा दाखवणं आणि एकमेकांच्या पुढे घुसणं, हे दोन्ही तिच्यात मावतं. आजच्या वापरात दुसराच अर्थ जास्त, आणि माझ्या मते तो तसाच ठेवावा. 'मोठा कोण' ह्या वादासाठी आपल्याकडे दुसरी वाक्यं आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. स्वतःला पुढे ठेवणाऱ्या एकट्या माणसासाठी मराठीत शब्दांचा सुकाळ आहे. स्वार्थी आहे, आपमतलबी आहे, आत्मकेंद्री आहे. अप्पलपोटा आहे, जो मूळचा 'आपलं पोट' बघणारा आणि म्हणून खाण्यापिण्याच्या संदर्भात सगळ्यात चपखल बसतो; पंगतीत जिलबीचं ताट पुढे जायच्या आत स्वतःच्या पानात सहा ओढणारा. वाक्प्रचार तर विचारूच नका. आपलंच घोडं पुढे दामटणं, आपल्या पोळीवर तूप ओढणं, दुसऱ्याच्या आगीवर आपली पोळी भाजून घेणं, तुंबडी भरणं, वाहत्या गंगेत हात धुणं. साहेबांच्या नजरेत भरावं म्हणून धडपडणाऱ्यासाठी 'पुढे पुढे करणं' आहे. आणि ज्यांचा दबदबा आहे अशांना आपण 'मी मी म्हणणारे' म्हणतो. मी मी म्हणणाऱ्या पैलवानांना एका पोरानं आस्मान दाखवलं, असं. ह्या शेवटच्यात मी दोनदा आहे खरा, पण तो एकाच माणसाचा आहे, छाती ठोकून दोनदा म्हटलेला. अहमहमिकेतला पहिला मी एकाचा आणि दुसरा मी दुसऱ्याचा.

एवढे शब्द असूनही, सगळे एकदम स्वतःला पुढे ठेवायला लागतात त्या अवस्थेला देशी मराठीत सुटसुटीत नाव नाही. म्हणूनच सहा अक्षरांचा हा संस्कृत शब्द टिकून राहिला. त्याला अहंकाराचा भारदस्त पर्याय म्हणून वापरलं की हीच जागा पुन्हा रिकामी होते. 'त्या अध्यक्षांच्या अहमहमिकेमुळे संस्था बुडाली' हे वाक्य चूक आहे. एकटे अध्यक्ष असतील तर तो अहंकार, अहंमन्यता, मीपणा, काय हवं ते म्हणा. 'अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष यांच्यातल्या अहमहमिकेमुळे संस्था बुडाली' म्हटलंत की वाक्य लगेच ताळ्यावर येतं.

स्वार्थाबद्दल एक गोष्ट जाता जाता. मराठी व्याकरणात स्वार्थ ही शिवी नाही. क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'मुलं खेळतात' ह्या वाक्यातलं क्रियापद स्वार्थी, कारण ते हुकूम देत नाही, अट घालत नाही, फक्त स्वतःचा मूळ अर्थ सांगतं. स्व म्हणजे आपला आणि अर्थ म्हणजे शब्दाचा आशयही आणि मतलबही, त्यामुळे एकाच शब्दाच्या वाट्याला व्याकरणातली साधी खोली आणि व्यवहारातली बदनामी अशा दोन्ही गोष्टी आल्या.

आता शेजारचे शब्द, कारण घोटाळा तिथेच होतो.

झुंबड म्हणजे माणसांचा लोंढा. ती डोळ्यांना दिसते, अंगाला लागते. तिच्यात हेतूपेक्षा गर्दी महत्त्वाची. वारीच्या रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, ती झुंबड. अहमहमिकेला गर्दी लागत नाही. बैठकीतल्या पाच खुर्च्यांवरही ती नांदते, कुणी जागचं न हलता.

चढाओढीत एक दुसऱ्याच्या वर चढतो, मग दुसरा त्याच्या वर. पायऱ्या असतात. लिलावातली बोली ही चढाओढ. दहीहंडीत एका पथकानं आठ थर लावले की दुसरं नवाचा प्रयत्न करतं, ती तर शब्दशः चढाओढ. सोव्हिएत संघानं १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला, १९६१ मध्ये गागारिनला अवकाशात पाठवलं, आणि अमेरिकेनं १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरवला. ही बारा वर्षं चढाओढीची. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला उत्तर होतं. अहमहमिकेत असं उत्तर-प्रत्युत्तर नसतं. सगळे एकाच वेळी एकाच गोष्टीवर झेपावतात.

इतिहासात अहमहमिकेचं ठळक उदाहरण हवं असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या सत्तांनी आफ्रिकेत वसाहती बळकावण्यासाठी जी घाई केली ती घ्या. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल, बेल्जियमचा राजा, प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी झेंडा रोवायचा होता. १८८४-८५ मध्ये बर्लिनला परिषद भरवून त्यांनी ह्या घुसण्याला नियम घालून घेतले. ज्यांची जमीन वाटली जात होती त्या आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकी भाषेत ह्याला 'वसाहतींसाठी स्पर्धा' म्हणतात. स्पर्धा हा शब्द इथे फार सभ्य आहे. स्पर्धेला आधीपासून नियम असतात, मैदान असतं, पंच असतो, आणि भाग घेणाऱ्याला तिथे येण्याचा हक्क असतो. वसाहतींची ती अहमहमिकाच होती.

चुरस म्हणजे निकाल शेवटपर्यंत अनिश्चित असणं. ती बघणाऱ्याला जाणवते. सामन्यात चुरस असते, अहमहमिका नसते. हमरीतुमरी म्हणजे शब्दाला शब्द लागून भांडण पेटणं. अहमहमिका वाढली की हमरीतुमरीवर येतात, म्हणजे एक कारण आणि दुसरं त्याचं टोक. एसटीच्या दारातली धडपड ही अहमहमिका. "रुमाल माझा होता" पासून पुढे जे सुरू होतं ती हमरीतुमरी.

आणि टोलवाटोलवी. 'जबाबदारी झटकण्याची अहमहमिका' असं अलीकडे लिहिलेलं दिसतं. ते मला पटत नाही. अहमहमिकेत माणूस पुढे येतो. जबाबदारी झटकताना तो मागे सरतो आणि दुसऱ्याला पुढे ढकलतो. तिथे वाक्य 'आधी मी' हे नसतं, 'मी नाही, तो' हे असतं. त्यासाठी टोलवाटोलवी, चालढकल, टाळाटाळ हे अस्सल मराठी शब्द तयार उभे आहेत.

वाक्यात बसवताना ह्या शब्दाच्या काही सवयी सांभाळाव्या लागतात. त्याचं लाडकं क्रियापद 'लागणे'. शर्यत लागते, पैज लागते, रीघ लागते, तशी अहमहमिका लागते. सुरू होते, चालते, दिसते, हेही ठीक. 'अहमहमिका करणे' मात्र कानाला खटकतं, कारण करणारा एकटा वाटतो. कोणांमध्ये आणि कशाची, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं वाक्यात हवीत. 'इच्छुकांमध्ये उमेदवारीची अहमहमिका लागली.' 'पाहुण्यांना हार घालण्याची कार्यकर्त्यांत अहमहमिका लागली.' ह्यातलं 'कोणांमध्ये' गाळलं तर निदान मागच्या वाक्यात अनेकवचन असावं. नाहीतर वाचणारा 'कुणाची?' म्हणून अडतो.

सामान्यरूप पत्रिकेसारखं होतं, अहमहमिकेने, अहमहमिकेत, अहमहमिकेचा, अहमहमिकेमुळे, अहमहमिकेपोटी. 'अहमहमिकामुळे' हे चूक. घाईत लिहिलेल्या बातम्यांत ते हमखास सापडतं. 'अहमहमिकेने' हे क्रियाविशेषण म्हणून फार सुंदर चालतं आणि मला वाटतं, शब्दाचं सगळ्यात मोकळं रूप हेच आहे. 'पूर ओसरल्यावर शेजारची गावं अहमहमिकेने धान्य घेऊन आली.' एवढ्यात सगळं आलं, अनेकजण, एकाच वेळी, एकाच दिशेला, आणि प्रत्येकाला आधी पोचायचंय. अनेकवचनाच्या भानगडीत पडू नये. आत मुळातच दोन मी आहेत. 'अहमहमिकेची स्पर्धा' किंवा 'अहमहमिकेची चढाओढ' हेही नको, ते पिवळ्या पितांबरासारखं होतं.

निर्जीव वस्तूंना हा शब्द लावावा का? श्रावणात कुंपणावर चार वेली एकमेकींवर चढतात, तेव्हा 'उमलण्याची अहमहमिका' असं लिहिलं तर वाचणारा हरकत घेणार नाही, कारण वेलींना आपण घटकाभर माणूस केलेलं असतं. बाजारभावांना, आकड्यांना, गाड्यांच्या मॉडेलना लावू नये. त्यांना मी म्हणता येत नाही.

आपण लिहितोय त्या जागी हा शब्द बसतो की नाही हे तपासायची माझी रीत अगदी साधी आहे. वाक्यातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी 'आधी मी' हे दोन शब्द घालून बघायचे. निदान दोघांच्या तोंडी ते शोभले पाहिजेत, आणि दोघांची नजर एकाच गोष्टीवर पाहिजे. एकाच्याच तोंडी शोभले तर तो स्वार्थ किंवा पुढे पुढे करणं. दोघांची नजर वेगवेगळ्या गोष्टींवर असेल तर ते दोन स्वार्थ, अहमहमिका नाही. आणि गोष्ट मिळवण्याऐवजी एकमेकांना पाडण्यातच दोघांना रस असेल, तर ते वैर. त्याला वैरच म्हणावं.

हा शब्द वाईटच अर्थानं वापरायचा, हा गैरसमजही खोडून काढायला हवा. बातम्यांत त्याच्याबरोबर श्रेय लाटणं, तिकीट, खुर्ची हेच येत राहिल्यानं त्याला तो रंग चढलाय. पण चौघे मित्र हॉटेलात जेवून उठतात तेव्हा गल्ल्यापाशी काय होतं ते आठवा. एकाचा हात पाकिटाकडे जायच्या आत दुसऱ्यानं नोट पुढे केलेली असते, तिसरा त्याचा हात धरून मागे ओढतो, आणि चौथा मालकाला सांगतो, "त्यांचे घेऊ नका हो, आमचे घ्या." मालकही सवयीनं दोन्ही नोटांकडे बघत थांबतो. मी देतो, मी देतो. ही शंभर नंबरी अहमहमिका आहे, फक्त घेण्याची नसून देण्याची. पालखीच्या वाटेवरच्या गावांत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला, त्यांना भाकरी वाढायला घराघरांत जी लगबग असते तीही हीच.

वारीतच ह्याच्याही पुढचं दृश्य आहे. दोन वारकरी भेटले की 'माउली' म्हणत एकमेकांच्या पाया पडतात. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. दोघांनाही आधी वाकायचं असतं. त्यामुळे दोघं एकदमच वाकतात, एकाचा हात दुसऱ्याच्या पावलाकडे आणि दुसऱ्याचा ह्याच्या, डोकी एकमेकांना लागता लागता राहतात. 'आधी मी' हे वाक्य इथेही तेच आहे. ते वर चढण्यासाठी वापरलं की एसटीचं दार होतं आणि वाकण्यासाठी वापरलं की हे होतं. शब्दाची सगळी ताकद त्याच्या 'परस्परं' मध्ये आहे, चांगल्या-वाइटाचा निवाडा 'कशाची' ह्या प्रश्नाच्या उत्तरात.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात ह्या वृत्तीचं एक फार जुनं चित्र आहे. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण ह्यांच्यात वाद लागतो. प्रत्येकजण म्हणतो, 'अहं श्रेयान् अस्मि', मीच श्रेष्ठ. प्रजापती त्यांना तोडगा देतो. तुमच्यापैकी जो निघून गेल्यावर शरीराची सगळ्यात वाईट अवस्था होईल, तो श्रेष्ठ. मग वाणी वर्षभर बाहेर जाते. परत येऊन बघते तर शरीर मुक्यासारखं पण नीट जगत असतं. डोळे जातात, कान जातात, मन जातं, तरी शरीर चालूच. शेवटी प्राण नुसता निघायला लागतो, तर जातिवंत घोडा पाय बांधलेल्या खुंट्या उपटून घेतो तसे बाकीचे सगळे त्याच्याबरोबर उपटले जातात. वाद तिथेच संपतो. ह्यात अहमहमिका हा शब्द येत नाही, पण तिचे सगळे अवयव आहेत. अनेकजण, एकच मान, आणि प्रत्येकाच्या तोंडी अहम्.

व्याकरणातली एक गंमत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतच्या तासाला आपण पठति, पठतः, पठन्ति पासून घोकायला लागतो, तेव्हा 'तो' आधी येतो, मग 'तू', आणि 'मी' सगळ्यात शेवटी. संस्कृतात 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' मध्यम, आणि 'मी' उत्तम पुरुष. इथे उत्तम म्हणजे शेवटचा. मराठी व्याकरणात हा क्रम उलटा झाला. मी प्रथम पुरुष, तू द्वितीय, तो तृतीय, इंग्रजी व्याकरणात असतो तसा. म्हणजे मराठीत मी अधिकृतपणे पहिल्या नंबरवर आहे. क्रियापदही त्याचंच ऐकतं. 'तो आणि मी गेलो', 'तू आणि मी जाऊ'. वाक्यात मी शिरला की बाकी कुणीही असो, क्रियापद मीच्या बाजूनं चालतं. मी नसेल आणि तू असेल तर तूचं चालतं, 'तू आणि तो जाल'. संस्कृतातही तसंच होतं, तिथे शेवटचा असूनही. फक्त बोलताना आपण तोंडदेखली का होईना, 'तू आणि मी' अशी ओळ लावतो, 'मी आणि तू' अशी क्वचितच.

राहता राहिलं घरातलं बोलणं. अहमहमिका हा लिहिण्याचा शब्द आहे, स्वयंपाकघरात तो कुणी उच्चारत नाही आणि उच्चारावा असा आग्रहही नाही. आंब्याच्या फोडींवर तीन पोरं तुटून पडली की आजी म्हणते, "मी मी करू नका रे, सगळ्यांना मिळणारेय." हे 'मी मी करणं' अहमहमिकेचं अचूक देशी भाषांतर आहे, दोन मीसकट. नळावर हंडे पुढे सरकायला लागले की, "नंबरानं या, घुसू नका." गावाकडे, "म्होरं म्होरं कशाला करतोस?" पण ह्यात एक फरक कायम राहतो. 'घुसू नको' आणि 'म्होरं म्होरं' एकाला उद्देशून म्हणता येतं. 'मी मी करू नका' हे नेहमी अनेकांनाच. मुलांच्या पुस्तकात किंवा बोलीतल्या संवादात अहमहमिका जड वाटत असेल, तर हेच रूप बिनदिक्कत वापरावं. 'करू नको' असं एकवचन करून मात्र नाही.